जुन्या विद्युत् गिटारची पारख व डागडुजी

वापरलेले वाद्य विकत घेणे हे स्थळ पाहावयास जाण्यासारखेच आहे. पाहुणे येतात त्या दिवशी घर झाडलेले असते, मंडळी चांगल्या कपड्यांत बसलेली असतात, आणि ज्या गोष्टी खरोखर विचारावयाच्या त्या पोह्यांच्या बशीआड राहून जातात. विद्युत् गिटारचेही तसेच होते. लाल किंवा काळ्या रंगाचे चकचकीत धड, त्यावरचे तीन पांढरे पिकअप, रुपेरी घोडी, खांद्यावर अडकवावयाचा पट्टा, एवढे पाहिले की सतरा वर्षांच्या मुलाचे डोळे दिपतात आणि बापाचा हात खिशाकडे जातो. घरी आणल्यावर चार दिवसांनी कळते की खुंट्या सूर धरीत नाहीत, एक पिकअप मुकाच आहे, आणि घोडीवरचे स्क्रू गंजून असे बसले आहेत की फिरवू जाता किल्लीच गरगरते.

अशा वेळी पुष्कळ घरांत त्या गिटारची रवानगी कपाटावर होते. पैसे पाण्यात गेले असे समजून घरची माणसे गप्प बसतात, आणि शिकू पाहणाऱ्या मुलाचे शिकणे तेथेच थांबते. वास्तविक ह्यांतील बहुतेक दोष अर्ध्या दिवसाच्या कामाचे असतात. थोडे दोष मात्र असे असतात की ते दिसताच नमस्कार करून परत फिरावे. हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणे, ही खरी पारख. वाजवणे उत्तम येते म्हणून ती येतेच असे नाही; कित्येक चांगल्या वादकांना आपल्या गिटारचे मागचे झाकण उघडूनही ठाऊक नसते.

ह्या वाद्याचे कुळ फार जुने नाही. अमेरिकेत जॉर्ज बीचम ह्याने १९३१ साली विद्युत् गिटारचा पहिला उपयुक्त नमुना सिद्ध केला आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्याच्या साहाय्याने ती १९३२ पासून विक्रीस आली. ती होती ॲल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची, हवाई बेटांच्या पद्धतीची. आकारावरून लोक तिला तळणीचा तवा म्हणत. पुढे फेंडर ह्यांची टेलिकास्टर (१९५० साली प्रथम ब्रॉडकास्टर ह्या नावाने), गिब्सन ह्यांची लेस पॉल (१९५२) आणि पुन्हा फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर (१९५४) आली. आज जुन्या बाजारात जी गिटार हाती येते ती बहुधा ह्यांपैकी कोणा एकीची लेक, नात किंवा हुबेहूब नक्कल असते.

भारतीय कानांनाही हा आवाज परका राहिलेला नाही. व्हॅन शिपले ह्यांनी विद्युत् गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर गेल्या. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ ह्या चित्रपटातील ‘दम मारो दम’ ह्या गीतात भूपिंदर सिंग ह्यांची गिटार वाजली. मॉरिशसमध्ये तर रावानच्या ठेक्यावर उभा असलेला सेगा विद्युत् गिटारला केव्हाच सरावला, आणि सेगा व रेगे ह्यांच्या मिलाफातून सेगे उभा करणारा काया (मृत्यू १९९९) हा गिटार घेऊनच लोकांपुढे आला. गणेशचतुर्थीच्या भजनाला कोणी नातवंड गिटार घेऊन बसले की काही वडीलधारी मंडळी अजूनही भुवया उंचावतात. परंतु ज्या पेटीवाचून त्यांचे भजन सुरू होत नाही ती पेटीही मूळची पॅरिसचीच; एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधी तिचे नावही हिंदुस्थानात कोणास ठाऊक नव्हते.

आता पारखीकडे. स्थळाची पत्रिका मागतात, तशी गिटारचीही एक पत्रिका असते आणि ती पोटात दडलेली असते. आवाजाची व टोनची बटणे ज्या लहान गोल डब्यांवर बसतात त्यांना पोटेन्शिओमीटर, वादकांच्या भाषेत पॉट, म्हणतात. अमेरिकन गिटारींतील पॉटच्या पाठीवर आकडे उमटवलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे: १३७ असेल तर सीटीएस, ३०४ असेल तर स्टॅकपोल. त्यापुढील आकडे वर्षाचे व आठवड्याचे. १३७६६३२ असे दिसले, तर तो पॉट सीटीएसने १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात केला असे समजावे. विकणारा ती गिटार १९६२ ची म्हणून सांगत असेल, तर एक तर पॉट मागाहून बदलला आहे किंवा सांगणाऱ्याची स्मरणशक्ती सोयीची आहे. उलट बाजूने मात्र हा पुरावा दुबळा आहे. कंपन्या पॉटचा साठा करून ठेवीत, म्हणून १९६६ चा पॉट दोन-तीन वर्षांनी केलेल्या गिटारीतही सापडतो. जपानी वा कोरियन गिटारीत ही पत्रिका बहुधा मिळतच नाही. तेथे मानेच्या सांध्यावरचा शिक्का किंवा पाठीवरचा अनुक्रमांक पाहावा.

पत्रिका जुळली तरी प्रकृती पाहावी लागते. बेटावरच्या हवेत लोखंडाची प्रकृती विशेष नाजूक. किनाऱ्याच्या गावांत खारे वारे आणि क्युरपीपच्या पठारावर पाऊस व दमट गारवा. त्यात वाजवणाऱ्याच्या तळहाताचा घाम. खुंट्यांवर व घोडीवर जी रुपेरी झिलई दिसते ती म्हणजे पोलाद, पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर दिलेला निकेलचा आणि बहुधा त्यावर क्रोमचा मुलामा. मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतात. मीठ तेथून आत शिरते, खालचा धातू फुगतो, आणि वरचा पापुद्रा पुटकुळी यावी तसा उठतो. हे दिसावयास वाईट, पण वाजण्यास निरुपद्रवी. म्हणून केवळ काळवंडलेल्या घोडीवरून किंमत पाडून मागावी जरूर, पण घाबरू नये.

घाबरावे, निदान सावध तरी व्हावे, ते घोडीवरील बारीक स्क्रूंपाशी. स्ट्रॅटोकास्टरच्या पद्धतीच्या घोडीवर प्रत्येक तारेसाठी एक लहान ठोकळा असतो. त्यास सॅडल म्हणतात. सॅडलला उंची कमीजास्त करणारे दोन सूक्ष्म स्क्रू आणि मागेपुढे सरकवणारा एक लांब स्क्रू असतो. हे तीन स्क्रू फिरले तर गिटार जिवंत. ते कायमचे बसले तर ती कधीही पूर्ण सुरात येणार नाही. त्याचे कारण असे. ह्या गिटारची तार मेरूपासून घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर लांब धरलेली असते आणि बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर असतो. तेथे तार दाबली असता वरच्या सप्तकातील तोच स्वर निघावयास हवा. परंतु बोटाने दाबताना तार थोडी ताणली जाते व स्वर चढतो. म्हणून प्रत्येक सॅडल गणिताने सांगितलेल्या जागेपेक्षा किंचित मागे न्यावे लागते, आणि जाड तारेसाठी अधिक मागे. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे, असा साधा नियम आहे. गंजलेल्या स्क्रूने हे सरकणेच बंद पाडलेले असते. मोकळ्या तारा पेटीशी जुळतात आणि वरच्या पडद्यांवर गेले की सारे बेसूर होते. मुलाला वाटते आपला कान वाईट, आणि चूक तर एका गंजक्या स्क्रूची असते.

हा गंज सोडवण्याचे काम धीराचे आहे. आधी तारा उतरवाव्यात आणि पिकअप चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत, कारण त्यांत चुंबक असतात आणि लोखंडाचा कीस त्यांना एकदा चिकटला की निघत नाही. तारेच्या घासणीने गिटार घासणाऱ्या उत्साही माणसांनी किती पिकअप बिघडवले ह्याची गणती नाही. नंतर सुईच्या टोकाने स्क्रूच्या आट्यांवर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा आणि रात्रभर थांबावे. लाकडावर तेल ओघळू देऊ नये. सकाळी स्क्रू आधी केसभर घट्ट करण्याच्या दिशेने फिरवून पाहावा, मग सोडवावा; ह्या उलटसुलट हालचालीने गंजाची पकड तुटते. तरीही हलत नसेल तर सॅडल घोडीवरून सोडवून, डाख देण्याच्या तापलेल्या सळईचे टोक क्षणभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवावे. धातू तापून प्रसरण पावतो, गार होताना आकसतो, आणि मधला गंज भुगा होतो. सुट्या काढलेल्या पोलादी स्क्रूंना काही तास व्हिनेगारमध्ये बुडवून ठेवले, मग धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडे करून तेलाचा हात दिला, तर ते पुष्कळ सुधारतात. परंतु संबंध घोडी किंवा खुंटी व्हिनेगारमध्ये टाकू नये; जस्ताच्या मिश्रधातूला ते आम्ल खाते. पितळेची समई उजळावी तशी चिंच लावून मुलाम्याची घोडी घासण्याचाही मोह आवरावा.

येथेच आणखी एक खोड निघते, ती इंचाची आणि मिलिमीटरची. अमेरिकन गिटारीवरील सॅडलच्या बारीक स्क्रूंना बहुधा ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिलिमीटरची षट्कोनी किल्ली लागते; आशियात केलेल्या पुष्कळ गिटारींना दीड मिलिमीटरची. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी. पण धाकटी किल्ली थोरल्या खाचेत घालून जोर केला की खाचेचे सहा कोपरे गोल होतात आणि मग तो स्क्रू कोणत्याच किल्लीला दाद देत नाही. सुट्या भागांचेही तेच. बटणे चढवावयाच्या पॉटच्या दांड्यांवर अमेरिकेत २४ बारीक दाते, तर आशियाई पॉटवर १८ जाड दाते. एकीची बटणे दुसरीवर बसत नाहीत किंवा ठोकून बसवली तर फुटतात. घोडीच्या पहिल्या व सहाव्या तारेतील अंतर काहींवर सुमारे ५६ मिलिमीटर, काहींवर सुमारे ५२. दुरून मागवलेली सुंदर नवी घोडी हाती पडावी आणि तिचे एकही भोक जुन्या भोकाशी जुळू नये, हा अनुभव फार महागात पडतो. सीमाशुल्क भरून तर अधिकच. म्हणून भाग मागवण्यापूर्वी जुना भाग काढून, पट्टीने नव्हे तर व्हर्नियर कॅलिपरने मोजावा, आणि मापे कागदावर लिहावीत.

मानेच्या वरच्या टोकाशी खाचांची जी पट्टी असते, आपल्या तंबोऱ्याच्या मेरूसारखी, तिला गिटारवादक नट म्हणतात. सूर न धरणाऱ्या गिटारच्या बाबतीत दहांत आठ वेळा दोष खुंट्यांना दिला जातो आणि अपराधी असतो तो हा नट. खाच अरुंद असेल तर तार तीत अडकते. खुंटी फिरवताना काहीच होत नाही आणि मग टिंग असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारतो. त्यावर उपाय गमतीचा वाटेल असा आहे: मऊ शिसपेन्सिल टोकदार करून खाचेत घासावी. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट वंगणाचे काम करते. तेवढ्याने भागले नाही तर तारेच्या जाडीच्या बारीक कानशीने खाच रुंद करावी, पण खोल करू नये. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या पडद्यावर घासून खरखरते. पारख अशी: तार तिसऱ्या पडद्यामागे दाबावी आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. कागदाइतकी फट राहिली तर उत्तम. मुळीच नसेल तर खाच झिजली आहे.

खरखरीचा विचार करताना मिरजेची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या गावी शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे व सतारी घडवण्याची परंपरा चालवली, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथला कारागीर तंबोऱ्याची घोडी तासन् तास घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि तार घोडीच्या पृष्ठाला हलकेच घासून तो झंकार निघेपर्यंत थांबत नाही. तिला जवारी म्हणतात. तंबोऱ्याचा प्राण म्हणून तेथे जे साधायचे, तेच गिटारीत काढून टाकायचे! दोन्ही ठिकाणी तार आणि टेकू ह्यांतील केसभर अंतराचाच प्रश्न असतो. म्हणून तंबोऱ्याची जवारी करणाऱ्याच्या हाती गिटारचा नट दिला तर तो बिचकणार नाही.

झिजलेली खाच भरावयास हाडाची पूड व झटपट चिकटणारा द्रव गोंद वापरतात; ती तात्पुरती मलमपट्टी. कायमचा उपाय नवा नट. उत्तम नट गुरांच्या हाडाचा मानतात, आणि हे वाद्य देवापुढे वाजावयाचे असेल तर पुष्कळ घरांत ते रुचणार नाही. त्यात अडचण काहीच नाही. ग्रॅफाइटयुक्त किंवा कृत्रिम घट्ट द्रव्याचे, तसेच पितळेचे नट मिळतात आणि ते चांगले वाजतात. विकणाऱ्याला विचारून घ्यावे एवढेच. अर्थात तंबोऱ्याची घोडीही पूर्वापार शिंगाची वा हाडाची होत आली आहे, हे सांगणारा कोणी मंडळात निघेलच.

खुंट्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. खुंटी फिरवताना सुरुवातीला ती रिकामीच फिरत असेल तर दाते झिजलेले आहेत. तरीही स्वर नेहमी खालून वर चढवीत आणला तर ती पुष्कळ काळ चालते. मागचे लहान स्क्रू व पुढची गोल चकती सैल झाली असेल तर घट्ट करावी. जुन्या क्लुसन पद्धतीच्या खुंट्यांची प्लॅस्टिकची डोकी आकसून भुगा होतात. ती वेगळी मिळतात, त्यासाठी सबंध खुंटी टाकू नये. आणि नव्या तारेला खुंटीवर दोन-तीन वेढे द्यावेत, दहा नव्हेत.

लाकडातील स्क्रूंची गोष्ट वेगळी, कारण तेथे लोखंड नव्हे, लाकूड हरलेले असते. पट्टा अडकवावयाचे बटण ज्या स्क्रूवर असते तो वर्षानुवर्षे ओढला जाऊन भोक सैल होते. हा दोष क्षुल्लक समजून दुर्लक्षिला जातो आणि तोच सर्वांत घातक ठरतो. वाजवता वाजवता बटण निसटते, तीन-चार किलोंचे वाद्य फरशीवर आपटते, आणि मानेचे डोके तडकते. लेस पॉलच्या पद्धतीच्या गिटारींचे डोके मागे कललेले व मान महॉगनीची असल्याने ती तेथे विशेष सहज मोडते. मोडून जोडलेल्या गिटारला मग पहिली किंमत कधीच येत नाही. उपाय मात्र दहा मिनिटांचा: दोन-तीन लाकडी दातकोरणी सुताराच्या सरसात बुडवून भोकात ठोकावीत, रात्रभर वाळू द्यावीत, वर आलेली टोके कापावीत, आणि बारीक गिरमिटाने नवे भोक पाडून स्क्रू बसवावा. ज्या करारनाम्यावर अंगठा उठवून पूर्वज ह्या बेटावर आले त्याला लोकांनी ॲग्रीमेंटचा अपभ्रंश करून गिरमिट म्हटले. मराठी सुताराच्या पेटीतले गिरमिट मात्र हेच, निरुपद्रवी आणि कामाचे.

मानेच्या आत पोलादी सळई असते. तारा मानेला एकसारख्या पुढे ओढत असतात: ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीचा नेहमीचा संच सुरात लावला म्हणजे सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो होतो. एक किरकोळ बांध्याचा माणूस अहोरात्र लटकत असावा तसा तो भार. सळई त्याला उलटा ताण देते. मान डोळ्यांजवळ धरून बंदुकीचा नेम धरावा तसे तिच्या कडेने पाहावे. किंचित अंतर्वक्र असेल तर ठीक. मध्यावर पाव मिलिमीटर पोकळी असावीच. जास्त वाकली असेल तर सळईची टोकाची चावी पाव वेढा फिरवून एक दिवस थांबावे. चावी आधीच पूर्ण आवळलेली असून मान तरीही वाकलेली असेल, किंवा ती पिळवटलेली असेल, तर येथे व्यवहार मोडावा. तसेच नटच्या मागे वार्निशाखाली एखादी बारीक रेघ दिसली तर ती उजेडात निरखावी. आणि पडदे इतके झिजले असतील की तारांखाली खळगे पडले आहेत, तर सर्व पडदे बदलण्याची मजुरी पुष्कळदा साध्या गिटारच्या किमतीच्या वर जाते, हे लक्षात ठेवून बोली करावी. ‘पडदे घासून दिले की झाले’ असे विकणारा म्हणतो. घासून देण्याइतकी उंची उरली आहे काय, हा प्रश्न त्याला विचारावा.

तारेचा कंप विजेत रूपांतरित करण्याचे काम पिकअपचे. चुंबकांभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पिकअप मुका असेल तर पुष्कळदा दोष त्याच्यात नसून स्विचमध्ये किंवा सुटलेल्या डाखात असतो. म्हणून मल्टिमीटर लावून पाहावे. स्ट्रॅटोकास्टरच्या पद्धतीच्या एकेरी पिकअपचा अवरोध साधारण साडेपाच ते साडेसहा हजार ओहम, आणि १९५५ साली सेथ लव्हर ह्याने योजलेल्या दुहेरी, गुणगुण मारणाऱ्या हंबकरचा सात ते नऊ हजार असतो. ह्या आसपास आकडा आला तर पिकअप जिवंत आहे. काहीच आकडा न आला तर तार तुटली आहे, आणि ती बहुधा जाड वायरीला जोडलेल्या टोकाशी, घामाच्या मिठाने खाल्लेल्या जागी तुटलेली असते. तेथे भिंगाखाली डाख देता आला तर नवा पिकअप लागत नाही. बटण फिरवताना खरखर येते ती पॉटमधील कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीची. वंगणयुक्त संपर्क-शोधक द्रवाचा एक फवारा आत मारून बटण वीस-तीस वेळा फिरवले की ती जाते. ती परत येऊ लागली तर पॉट बदलावा: एकेरी पिकअपला २५० हजार ओहमचा, हंबकरला ५०० हजारांचा. जॅकचा आवाज तुटत असेल तर त्याची आतली जीभ किंचित वाकवून बाहेरचा नट आवळावा. पण आवळताना आतील वायर पिळवटू नये म्हणून जॅक आतून धरावा.

एवढ्यापर्यंत चूक झाली तर नुकसान पैशाचे. ह्यापुढची एक बाब जिवाची आहे. गिटारच्या तारा एका वायरीने घोडीमार्गे, केबलच्या वेष्टनातून, अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. ही वायर तुटली तर तारांना हात लावला काय नि न लावला काय, गुणगुण तितकीच राहते. शाबूत असेल तर हात लावताच ती कमी होते. ही परीक्षा विकत घेतानाच करावी. परंतु वायर शाबूत असून अँप्लिफायरला भूमिसंबंधच नसेल आणि त्याच्या पेटीत वीज उतरली, तर ती वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते. त्याने त्याच क्षणी मायक्रोफोनला ओठ किंवा हात लावला, की त्याच्या शरीरातून मार्ग पुरा होतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे स्टोन द क्रोज ह्या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वी भूमिसंबंध नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन रंगमंचावरच मरण पावला. ओल्या मांडवात, जनित्रावर चालणाऱ्या कार्यक्रमात, एका फळीवरून गिटार नि दुसऱ्या फळीवरून मायक्रोफोन अशी जोडणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे नाव विसरू नये. तीन पिनांचा प्लग, एकाच ठिकाणाहून घेतलेली वीज, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरक्षक स्विच, एवढे असल्यावाचून मुलांच्या हाती गिटार देऊ नये. अमेरिकेहून आलेला जुना अँप्लिफायर १२० व्होल्टचा असतो. येथील २३० व्होल्टला लावला तर जळतो, आणि त्याचा दोन पिनांचा प्लग तर जाणत्या तंत्रज्ञाकडून आधी बदलूनच घ्यावा. हे काम हौशी माणसाचे नव्हे. अँप्लिफायरची पेटी उघडूच नये, बंद केल्यावरही आतील कपॅसिटर प्राणघातक वीज धरून ठेवतात.

बदललेले भाग, गंजलेले स्क्रू, झिजलेला नट, हे सारे एका पिशवीत घालून गिटारच्या पेटीत ठेवावे. गिटार खरोखर १९५० वा १९६० च्या दशकातील अमेरिकन निघाली तर मूळ भागांना मोठे मोल असते, आणि तिच्यात नवे भोक पाडणे म्हणजे जुन्या ताम्रपटावर खिळ्याने नाव कोरणे होय. साध्या आशियाई गिटारीच्या बाबतीत इतके सोवळे पाळण्याचे कारण नाही. तिला चांगल्या खुंट्या व चांगला नट घालून वाजती करावी. सर्वांत तापदायक म्हणजे फ्लॉइड रोझ पद्धतीची, तारा कुलुपबंद करणारी हलती घोडी. तिच्या सुरीसारख्या धारा झिजल्या की ती पुन्हा जागेवर येत नाही, आणि एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. शिकाऊ मुलाने ती घेऊ नये, मग विकणारा कितीही कमी किंमत सांगो.

डागडुजी झाली, नव्या तारा चढवल्या, म्हणजे त्या हाताने हलकेच ताणून पुन्हा सुरात आणाव्यात आणि रात्रभर तशाच ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन पेटीजवळ बसावे. सूर लावणारी यंत्रे ४४० चा आग्रह धरतात, पण जुनी पेटी नेमकी तेथे असेलच असे नाही. म्हणून यंत्राला नव्हे, पेटीला मिळवावे. सहावी तार पांढरी तीनला, पाचवी पांढरी सहाला, चौथी पांढरी दोनला, तिसरी पांढरी पाचला, दुसरी पांढरी सातला, आणि पहिली पुन्हा वरच्या पांढरी तीनला. मोकळ्या तारा जुळल्या की प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर दाबून पेटीच्या वरच्या सप्तकाशी ताडून पाहावी, आणि जी चढी लागेल तिचे सॅडल, आता सुटलेल्या त्या स्क्रूने, पाव वेढा मागे न्यावे.